पाच तारा, पडदे नकोत

माझे धाकटे दीर लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर, मोटारीच्या खोलीत, कोपरापर्यंत ग्रीस. माणूस शांत. अडकलेल्या लिफ्टमधल्या लोकांना धीर द्यावा तसं सगळ्यांशीच सावकाश बोलतात. पण एकदा डोक्यात काही घेतलं की निघता निघत नाही, आणि ते निस्तरायला मी असते. ते वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. मी चष्म्याच्या दुकानात काउंटर सांभाळते, त्यामुळे खरेदीला जायचं तर घासाघीस करायला वहिनी हवी, हे घरात ठरूनच गेलंय.

गेल्या वर्षी भावजींनी डोक्यात घेतली ती बेस गिटार. तशी त्यांच्याकडे एक होती, चार तारांची. ते आणि माझी जाऊ एका हौशी ग्रुपमध्ये होते. ती गायची, भावजी मागे उभे राहून खर्ज धरायचे. मग जावेच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण तिचा आवाज खाली उतरला तो उतरलाच. ती पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायची. लोक तिला 'हो सर, बरं सर' म्हणायला लागले. पहिल्या वेळी ती हसली. पुढे स्वतःहून बदली मागून फायलींच्या टेबलावर गेली, घरात कामापुरतं बोलू लागली, आणि एकदोनदा गुणगुणून पाहिल्यावर गाणं बंद.

"तुझा आवाज जिथे उतरलाय तिथे मी येतो," भावजी तिला माझ्यासमोरच म्हणाले. त्यांचं म्हणणं असं, की गाणी इतकी खाली घ्यायची तर चार तारा पुरणार नाहीत, पाचवी जाड तार हवी. शिवाय ती आता सुरावर एकदम जात नाही, घसरत घसरत पोचते. तिच्याबरोबर घसरायचं तर पडदे नसलेली गिटार हवी. गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ना, ते पडदे. त्यांच्यामुळे सूर जागच्या जागी सापडतो, पण दोन सुरांमधली वाट तुटते.

"मी गाणार नाहीये," जाऊ म्हणाली. "तू लाकूड आण, नाहीतर लोखंड." आणि बादली उचलून कपडे वाळत घालायला गेली.

इतकं स्वच्छ उत्तर मिळाल्यावर दुसऱ्या कुणी विषय सोडला असता. भावजींनी मला रविवारी बाजारात चलायला सांगितलं.

पाच तारा, पडदे नकोत, आणि ऑपरेशनच्या खर्चानंतर परवडेल अशी. मला वाटलं होतं, तासाभराचं काम. मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याने भावजींचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे खराब झालेली पाहिजे?" पट्ट्या पडलेल्या गिटारी त्यांच्याकडे दुरुस्तीला येतात, त्यातली एखादी बघतो म्हणाला. पुढच्या दुकानात पाच तारांची होती, पण पडद्यांची. त्याच्या पुढच्यात बिनपडद्यांची होती, पण चार तारांची. तो दुकानदार मलाच समजावत बसला, की एका तारेने काय बिघडतं, ताई. जिथे दोन्ही गोष्टी जमल्या तिथे काचेच्या कपाटाला कुलूप होतं आणि किंमत ऐकून भावजींनी काचेवर ठेवलेला हात काढून घेतला. एका गृहस्थांनी जुनी देतो म्हणून घरी बोलावलं, ती डावखुऱ्यांची निघाली. उलटी धरा, असं त्यांचं म्हणणं. भावजी खरंच उलटी धरून पाहायला लागले, तेव्हा मी त्यांना दंडाला धरून खाली आणलं.

मग त्यांनी ऑनलाइन मागवली. वर्णनात सगळं हवं तसं होतं. खोकं आलं, उघडलं, तर मानेवर पडदेच पडदे. कंपनीला फोन मी लावला, कारण भावजी तिथेही सावकाश बोलत बसले असते. पलीकडच्या मुलीने विचारलं, वस्तूत काही कमी आहे का. मी म्हटलं, कमी नाही, जास्त आहे. ती म्हणाली, "मॅडम, जास्त आल्याची तक्रार घ्यायला इथे पर्याय नाहीये." ती परत पाठवण्यात माझे इतके फोन गेले, की आमचे हे घरात कुणाचा फोन वाजला तरी उठून बाल्कनीत जायला लागले. मी भावजींना सांगून टाकलं, आता पुरे. ते बरं म्हणाले. त्यांचं बरं म्हणजे काय असतं ते मला लग्नापासून ठाऊक आहे.

आणि मग ती गिटार माझ्याच काउंटरवर चालून आली. दातांचे एक डॉक्टर जवळचा चष्मा करायला आले होते. कशासाठी हवा विचारलं तर म्हणाले, वाद्याच्या मानेच्या कडेला बारीक ठिपके असतात, ते दिसत नाहीत. कसलं वाद्य म्हटलं. बेस गिटार, पाच तारांची, पडदे नाहीत म्हणून तर ठिपके बघावे लागतात. माझ्या हातातली फ्रेम सुटता सुटता राहिली. हौसेने घेतली खरी, पण हातात बसत नाही, काढून टाकीन म्हणतो, असं ते आपणहून बोलले.

त्या डॉक्टरांनी आमचा अंत पाहिला. पहिल्यांदा गेलो तर दाढ धरून बसलेल्या पेशंटांच्या रांगेत आम्हालाही बसवलं आणि शेवटी सांगितलं, दोन दिवस विचार करतो. नंतर हो म्हणाले. आम्ही पोचेपर्यंत त्यांचा जीव पुन्हा तिच्यात अडकला. मी म्हटलं, भावजी, हा माणूस दात काढतो, गिटार काढणार नाही. तरी भावजी पुन्हा गेले, मीही गेले. त्या दिवशी डॉक्टरांनी अट घातली, आधी वाजवून दाखवा, नीट वाजवणाऱ्यालाच देईन.

भावजींनी अशी गिटार जन्मात वाजवली नव्हती. दाताच्या खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी एक चाल धरली आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बेसूर होती. मला कुठे बघावं कळेना. मनात म्हटलं, झालं, आता हीही गेली. पण डॉक्टरांचा चेहरा उजळत चालला होता. "तुमचंही माझ्यासारखंच येतंय की," ते म्हणाले. इतके दिवस त्यांना वाटत होतं की दोष फक्त त्यांच्याच कानात आहे. त्यानंतर मला फारशी घासाघीस करावीच लागली नाही. वर त्यांनी कव्हरही दिलं, आणि मला मोफत दात तपासून देतो म्हणाले. मी नको म्हटलं.

आता सुटलो, असं मला वाटलं. पण कामावरून आले की भावजी वर बसून वाजवायचे, आणि तो खालचा घुमणारा सूर आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत यायचा. सूर म्हणजे काय, सुराच्या शेजारी कुठेतरी. ह्यांनी वर्तमानपत्र मिटून ठेवायचं, मी कुकरची शिट्टी कधी होते याची वाट पाहायची. जाऊ सगळ्यात बिकट अवस्थेत. गाणं सोडलं तरी कान कुठे सुटतो? ती दार लावून घ्यायची, नळ मोठा सोडायची.

एका संध्याकाळी मी तिच्याकडे इस्त्री मागायला गेले होते, तेव्हा तिचा संयम सुटला. हातात ओला टॉवेल तसाच, ती आतून आली. "वर घे. अजून. अरे, इतका नाही, खाली ये." भावजींचं बोट तारेवर मागेपुढे होत होतं, काही केल्या जागा सापडेना. तेव्हा ती वैतागून गायली. एकच सूर, जाड, थोडा खरखरीत, आणि अगदी नेमका. "हा. हा सूर. ऐकू येतो का तुला?"

भावजींनी मान हलवली आणि पुन्हा चुकले. तिने पुन्हा गाऊन दाखवला. मग त्याच्या पुढचा. मी इस्त्री न घेताच खाली आले. ह्यांना सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोट वर केलं. ते ऐकतच होते.

तेव्हापासून रोज तेच. मला संशय आला, हा माणूस मुद्दाम चुकतोय. जिन्यात गाठून विचारलं, तर भावजी खरोखर दुखावले. "वहिनी, मुद्दाम चुकायला आधी बरोबर यावं लागतं."

मध्ये काही महिने गेले, आणि दोघं पुन्हा ग्रुपमध्ये जायला लागले. ग्रुपने तिच्या आताच्या गळ्याला झेपतील अशी गाणी निवडली आणि पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यांच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. पहिल्या सुराला पुढच्या रांगेतले दोघे एकमेकांकडे बघायला लागले, तशी मी पदर आवळून बसले. जाऊ त्यांच्याकडे बघत नव्हती. डोळे मिटून ती सुरावर घसरत गेली, आणि खालून भावजी तिच्यासोबत आले. पुढच्या रांगेतले ते दोघे एकमेकांकडे बघायचे थांबले. दुसऱ्या गाण्यात भावजी चुकले आणि तिने गाता गाता मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं, की हॉल हसला.

परतताना टॅक्सीत गिटार ह्यांच्या आणि माझ्या मांडीवर आडवी होती, पाय अवघडलेले. पुढच्या सीटवरून भावजी सांगत होते, त्या जागी ते चुकलेच नव्हते, तीच आधी खालच्या सुरावर उतरली. जाऊ म्हणाली, शक्यच नाही, आणि ती ओळ गाऊन दाखवली. मग अजून एकदा, मोठ्याने. टॅक्सीवाल्याने रेडिओ बंद केला. मी त्या दोघांना सांगितलं, घरी जाऊन भांडा, पण माझं कुणी ऐकलं नाही.