चावी देण्याआधीचा संकल्प

“थांबा,” मी म्हणालो.

“थांबू की. फुडं सावली हाय, तिथं थांबू,” भगवानराव म्हणाले आणि गाडी तशीच पुढे नेली.

सावली आली आणि गेली. चहाची टपरी आली, तीही गेली. बीड बायपासच्या सर्व्हिस रोडवर मी पुन्हा एकदा जरा आवाज चढवून ‘थांबा’ म्हणालो, तेव्हा त्यांनी थांबवली खरी. पण डावा पाय सवयीने क्लच शोधायला गेला आणि त्याला सापडला तो ब्रेक. माझा चष्मा उडून डॅशबोर्डवर पडला.

“लई कडक ब्रेक हाय,” भगवानरावांनी गाडीला प्रमाणपत्र दिलं.

मी नोकरी केली ती वाळूजच्या एका कारखान्यात, गाड्यांच्या टेस्टिंग विभागात. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या स्वयंपाकाचं टेस्टिंग करायला लागलो, तेव्हा तिनेच मला शकीलभाईंकडे धाडलं. शकीलभाई गाड्या भाड्याने देतात. साध्या गाड्या बऱ्याच आहेत, पण दुकानाची शोभा म्हणजे ही लाल स्पोर्ट्स कार. दोनच सीट, बटण दाबलं की छत मागे जाऊन घडी होऊन बसतं. सात-आठ ट्रॅक्टरांचं बळ त्या एका इंजिनात आहे, आणि ते सगळं मागच्या चाकांना मिळतं. वळणावर पाय जरा जास्त दाबला की गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. म्हणून गिऱ्हाइकाला आधी माझ्यासोबत एक चक्कर मारावी लागते. मी सही केली तर चावी, नाही तर नमस्कार.

भगवानराव करमाडचे शेतकरी. पांढरी टोपी, इस्त्रीचा शर्ट, बोलायला मोकळा माणूस. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवलेला, घरी स्वतःची मोठी डिझेल गाडीही आहे. त्यांना या लाल गाडीचा शौक नव्हता. बुकिंग केलं होतं पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीने, आणि तेही आईसाठी.

या आईला, म्हणजे मंगलबाईंना, गाडी लागायची. बस असो, जीप असो, काच लावलेल्या कुठल्याही गाडीत बसल्या की पोटात कालवायला लागायचं. लग्नकार्याला जायचं तर लिंबू नाकाशी धरून, आणि पोचल्यावर दिवसभर आडवं पडून. मोटारसायकलवर काही होत नसे, पण आता गुडघ्यांमुळे मोटारसायकलवर चढता येईना. करमाडला अख्खा जन्म काढला आणि बाईने म्हैसमाळ पाहिलं नव्हतं. गौरी-गणपती झाले की तिकडचे डोंगर हिरवेगार होतात, शेजारणी जाऊन येतात, आणि ही बाई त्यांचं वर्णन ऐकते. लेकीने विचार केला, आईला उघडी गाडी चालते ना, मग उघडीच गाडी घेऊ.

त्या दिवशीही नवरा-बायको आले ते वेगवेगळे. भगवानराव पुढे आपल्या गाडीतून, मंगलबाई मागून रिक्षातून.

“त्रास नाही ना झाला?” मी विचारलं होतं.

“नाय ओ. रिक्षावाला शहाणा व्हता. म्हटलं तिथं थांबला, वारा खाल्ला, आले,” त्या म्हणाल्या.

तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

चक्कर मारून आलो तेव्हा त्या ऑफिसच्या पायरीवर बसल्या होत्या. नवं कोरं इरकल लुगडं, मांडीवर रुमालाने झाकलेलं ताट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरून त्यांना काय ते कळलं असावं. मी सरळ आत शकीलभाईंकडे गेलो.

“सही करणार नाही,” मी म्हणालो.

“कायकू जोशीसाब? चाचा तो बरसों से गाडी चलारे.”

“म्हणूनच. ही ऑटोमॅटिक आहे, हिला क्लच नाही. त्यांचा डावा पाय ऐकत नाही. आणि ते स्वतःही ऐकत नाहीत. मी सगळं समजावून सांगितलं, ‘व्हय व्हय’ म्हणत होते. करारावर न वाचता सह्या केल्या. घाटात हे असं चाललं तर?”

“तुम साथ में जाव ना फिर.”

“कुठे बसू? टपावर? तेही उघडंच असतं.”

शकीलभाई हसले, पण त्यांनीही बाहेर पायरीकडे पाहिलं. “बेटी का फोन आया था. बोली, अम्मी रात को सोयीच नहीं.”

हेच नको होतं मला. कारखान्यात बरं असायचं. तिथे गाडी नापास केली तर गाडीला वाईट वाटत नाही.

मी बाहेर आलो आणि घसा साफ केला. त्याआधीच मंगलबाई ताट घेऊन उठल्या. रुमाल काढला. ताटात हळदकुंकू, फुलं, अक्षता, चार लिंबं, नारळ, पाण्याचा तांब्या.

“गाडीची पूजा करायची ऱ्हायलीय,” त्या म्हणाल्या. “बिनपूजेच्या गाडीत मी बसत नसते.”

“पण ही तर भाड्याची आहे.”

“मग? देव काय मालकी इचारतो का? आन् तुम्ही जोशी ना? म्हणा की दोन मंत्र.”

माझे आजोबा देवगाव रंगारीला भिक्षुकी करायचे हे खरं. पण वडील कारकून झाले आणि मी मेकॅनिकल इंजिनिअर. मुंजीत शिकवलेलं मुंजीच्या मांडवातच राहिलं. तसं मी सांगितलंही. मंगलबाईंनी मान हलवली, पण ताट काही खाली ठेवलं नाही.

नाही म्हणायचं ते पूजेनंतर म्हणू, असा मी विचार केला. बॉनेटच्या रंगावर कुंकू नको म्हणून वर्कशॉपमधली कागदी टेप आडवी-उभी चिकटवली आणि त्यावर त्यांना स्वस्तिक काढायला सांगितलं. नारळ बंपरवर न फोडता फरशीवर फोडायचा ठरला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. ती ठेवायला शकीलभाई स्वतः वाकले. म्हणाले, पहिली गाडी आणली तेव्हा त्यांनीही ठेवली होती, गाडी अजून चालते.

मग मी भगवानरावांना म्हणालो, “उजव्या हातावर पाणी घ्या.”

आणि मी बघतच राहिलो. मघापासून माझं एक वाक्य पुरतं न ऐकणारा हा माणूस. त्याने चपला काढल्या, टोपी नीट केली, पूर्वेकडे तोंड करून ताठ उभा राहिला. मंगलबाईंनी त्यांच्या तळहातावर पाणी घातलं. मी गोत्र विचारलं, त्यांनी सांगितलं. मी आजोबांच्या चालीवर चार शब्द म्हणालो, त्यांनी तेच चार शब्द जसेच्या तसे म्हटले. एक अक्षर गाळलं नाही. हातावरच्या पाण्यावरून नजर हलली नाही.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. करारावर सही म्हणजे या माणसाच्या लेखी कागद काळा करणं. हातावर पाणी घेऊन बोललेला शब्द मात्र मोडायचा नसतो.

“आता मराठीतून संकल्प सांगतो,” मी म्हणालो. “म्हणा. आजच्या दिवशी, या वाहनात, मी उजवाच पाय वापरीन.”

“आजच्या दिवशी, या वाहनात, मी उजवाच पाय वापरीन.”

“डावा पाय मागे घेऊन ठेवीन.”

तेही म्हणून झालं. गतिरोधकाआधी गाडीचं नाक उचलण्याचं बटण दाबीन, कारण तिचं पोट जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नाही. साहेबांनी लावून दिलेला, गाडीचा जोर कमी ठेवणारा सौम्य मोड बदलणार नाही. घाटात कोणाच्या पुढे जाणार नाही. एकेक वाक्य त्यांनी संथपणे म्हटलं. शकीलभाई दारात हात बांधून उभे होते.

एवढ्यावर आटपणार होतो. पण टेस्टिंगमधली एक जुनी पद्धत आठवली. टेस्टला गाडी निघाली की तीत दोघं असायची. एक चालवणारा आणि एक शेजारी बसून निरीक्षण करणारा. शेजारच्याने ‘स्टॉप’ म्हटलं की चालवणाऱ्याने थांबायचं. का म्हणून विचारायचं ते गाडी थांबल्यावर. साहेब गाडी चालवत असले आणि शेजारी कालचा ट्रेनी असला, तरी हा नियम मोडायचा नाही. इथे शेजारी बसायला मी नसणार होतो. मी ताट धरून उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं.

“आणि,” मी म्हणालो, “मंगल थांबा म्हणेल तिथे, लगेच, का म्हणून न विचारता, गाडी बाजूला घेऊन थांबवीन.”

भगवानरावांनी हात तसाच पुढे धरला. बोटांच्या फटीतून पाणी ठिबकत होतं. बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“हे बी मंत्रात असतंय का?”

“असतंय,” मी म्हणालो. आजोबा वर असतील तिथे हसले असतील.

त्यांनी खोल श्वास घेतला आणि सगळं वाक्य म्हणून ताटात पाणी सोडलं.

लिंबं चिरडून पुन्हा एक चक्कर मारायला लावली. डावा पाय सीटखाली असा घेतला होता की जणू बांधून ठेवलाय. ओठ हलत होते, “उजवाच, उजवाच.” मी हळूच ‘थांबा’ म्हणालो. इंडिकेटर लागला, गाडी बाजूला झाली, चष्मा नाकावर राहिला. मी सही केली.

मंगलबाईंना इतक्या खाली बसवणं हेही एक कामच होतं. आधी सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत, उतरताना ह्याच्या उलट. त्या एका दमात शिकल्या. छत उघडं, गाडी गेली.

अशा गाडीत जीपीएस असतं. गाडी कुठे आहे ते मोबाइलच्या नकाशावर ठिपक्यासारखं दिसतं. मी आणि शकीलभाई चहा घेत ठिपका बघत बसलो. ठिपका पडेगावला थांबला. पुढे गेला आणि दौलताबादच्या आधी थांबला. किल्ल्याच्या वेशीशी थांबला. वेस ओलांडून घाटात शिरला आणि पुन्हा थांबला, तो हलेचना.

“तबियत बिगडी क्या चाची की?” शकीलभाईंनी कप खाली ठेवला.

उलट्या होत असतील, किंवा गाडी कठड्याला घासली असेल. मी फोन लावला. मंगलबाईंनी उचलला.

“काय झालं? गाडी का थांबलीय?”

“काय नाय, पेरू घेतोय,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आला, पण त्यात हसू होतं. “जोशीसाहेब, थांबा म्हटलं की थांबायलेत ओ. मी मघाशी नुसतं बघावं म्हणून म्हटलं, तरी थांबले.”

त्यानंतर आम्ही ठिपक्याचा नाद सोडला. तो दिवसभर थांबत थांबत खुलताबादवरून म्हैसमाळला गेला आणि तिथे बराच वेळ होता.

उन्हं उतरली आणि लाल गाडी आमच्या गेटातून आत आली. ती बघून मी खुर्चीवरून उठलोच. छत बंद होतं.

छत बंद म्हणजे बंद गाडी. बंद गाडी म्हणजे मंगलबाई आडव्या. मी पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन धावलो. दार उघडलं. त्यांनी दोन्ही पाय एकत्र बाहेर काढले, माझा हात धरला आणि उभ्या राहिल्या. तोंडावर धूळ, केस विस्कटलेले, हातात पेरूंची पिशवी. चेहरा असा टवटवीत की टॉवेल मी पाठीमागे लपवला.

“छत का लावलं? त्रास झाला नाही?”

“खुलताबादपासून बंदच हाय,” त्या म्हणाल्या. “वाऱ्यानं पदर डोक्यावर ठरंना. काय बी झालं नाय. जरा मळमळ वाटली की थांबा म्हणायचं, उतरायचं, डोंगर बघायचा, बसायचं.”

भगवानराव पलीकडच्या दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. “येवढी वर्सं मी उघडी गाडी हुडकत व्हतो,” ते कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले.

“गाडीचं काय नव्हतंच,” मंगलबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. “पोटात कालवलं की मी म्हणायचे थांबा. हे म्हणायचे, थांबू की फुडं, आलंच आता गाव. बसचा डायवर बी तसाच. आज कळलं मला.”

मला सकाळची सावली आठवली, आणि ती टपरी. भगवानरावांच्या शेजारी मी काही मिनिटं बसलो होतो तर चष्मा उडाला होता. या बाईने संसार काढला होता. मला फार बरं वाटलं त्या दिवशी, आणि ते मी लपवलंही नाही. पेरू घेतला आणि तिथेच खाल्ला.

गाडी तपासली. एक ओरखडा नव्हता. बॉनेटवरची टेप तेवढी निघायला तयार नव्हती. चावी परत देताना भगवानरावांनी मला बाजूला घेतलं.

“महाराज, ते सकाळचं. आता त्याचं उद्यापन करून टाका. म्हणजे मी मोकळा.”

माझं तोंड उघडायच्या आत मागून उत्तर आलं.

“उद्यापन नको,” मंगलबाई म्हणाल्या. “बाकीचं सोडा. उजवा पाय, डावा पाय, तुमचं तुम्ही बघा. ते शेवटचं ऱ्हाऊ द्या.”

भगवानरावांनी माझ्याकडे आशेने पाहिलं. मी सांगितलं, उद्यापन मला येत नाही. मुंजीत शिकवलं नव्हतं. हे मात्र खरं होतं.

तेव्हापासून मी कोणाच्याही हातात करार देऊन मोकळा होत नाही. एकेक अट गिऱ्हाइकाकडून मोठ्याने वदवून घेतो, आणि शेवटची अट शेजारी बसणाऱ्याच्या देखत. कागदावर माणूस नुसती सही करतो. तोंडाने म्हणतो ते मात्र त्याला स्वतःलाही ऐकू येतं.

त्या संध्याकाळी रिक्षा बोलवायची का, असं मी विचारलं होतं. मंगलबाई नको म्हणाल्या आणि नवऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. गाडी गेटबाहेर पडली, जेमतेम रसवंतीपर्यंत गेली असेल, तोच डावा इंडिकेटर लागला आणि ती बाजूला घेऊन थांबली. दारं उघडली नाहीत. कोणी उतरलं नाही.

“क्या हुआ?” शकीलभाईंनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. “टेस्टिंग चाललंय.”