पिशवीसकट वृक्षारोपण

हुबळीच्या नवनगरातल्या एका बांधकाम कचेरीत मी पाच वर्षं नकाशे काढले. इमारतीभोवती जागा उरली की तिथं हिरवे गोल काढायचे, अशी पद्धत होती. एकदा साहेबांना विचारलं, "हे झाड कुठलं?"

"गोल झाड," साहेब म्हणाले. "आपण फ्लॅट विकतो, झाडं नाही."

त्या गोलांनीच माझी नोकरी खाल्ली. जुन्या हुबळीत आमच्या पत्र्यावर तेलाच्या डब्यांत मी लहानपणापासून झाडं वाढवायची. पुढं दर रविवारी धारवाडच्या लाल मातीत काय तगतं आणि हुबळीच्या काळ्या मातीत काय मान टाकतं, हे बघत हिंडायची सवय लागली. शेवटी राजीनामा दिला आणि लोकांच्या बागा आखून देणार, असं घरी सांगितलं.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, रेल्वेच्या कारखान्यात वॅगनींवर आकडे आणि अक्षरं रंगवण्यात जन्म काढलेला. त्यांना म्हटलं, दारावर एक पाटी रंगवून द्या.

"तुझा आजा दुसऱ्याच्या रानात राबला," ते म्हणाले. "त्यातनं सुटावं म्हणून त्यानं मला शाळेत घातलं. तू खुर्चीत बसावंस म्हणून मी तुला शिकवलं. आणि आता पाटी लावून परत मातीत? मी नाही रंगवणार."

"माती कुठं आपला अपमान करते, अप्पा? माणसं करतात."

"माणसं मातीतल्यांचाच करतात."

पाटीवाचूनच काम सुरू केलं.

पहिलं मोठं काम गोकुळ रोडवरच्या एका कारखान्याचं. काळ्या मातीत पाणी तुंबतं म्हणून आधी चर काढले, मग करंज, आपटा लावले. दारासमोरचा एक खड्डा उद्घाटनाच्या वृक्षारोपणासाठी राखून ठेवला.

आपल्याकडं पाहुण्यांच्या हस्ते रोप लागतं ते प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. त्यांचे हात मळत नाहीत. पिशवी माळी नंतर काढतो म्हणतात. हे 'नंतर' आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. मुळं आतल्या आत गुंडाळत राहतात आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे पाहुणे नवं रोप लावतात.

मी मालकांना हे आधीच सांगितलं होतं.

"अक्का, दोन मिनिटांचा कार्यक्रम," ते म्हणाले. "तुम्ही मागं थांबा. पुढच्या शेडची बागही तुम्हालाच द्यायचीय."

अप्पांनी यायचं कबूल केलं, एका अटीवर: "चार लोकांत हात बरबटून घेऊ नकोस." ते शेवटच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसले.

पाहुण्यांनी रबरी हातमोजे चढवले. रिबन बांधलेलं खुरपं ताटातून आलं. निसर्गावर बरंच बोलून त्यांनी बकुळीचं रोप काळ्या पिशवीसकट खड्ड्यात सोडलं. टाळ्या.

"थांबा साहेब, पिशवी राहिली."

मी पुढं होऊन उकिडवी बसले, रोप वर काढलं, पिशवी टराटरा फाडली आणि मुळं बोटांनी मोकळी केली. थोडी माती पाहुण्यांच्या बुटावर सांडली.

"यार्री इवरु?" या कोण, असं त्यांनी कानडीत विचारलं.

मालक हसले. "माळीण आहे, सर. जरा हट्टी."

शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरली. अप्पा उभे होते. "माझी मुलगी आहे," ते खणखणीत कानडीत म्हणाले. "या बागेचा नकाशा तिनं काढलाय. आणि माळीण असती, तरी पिशवी काढावीच लागली असती."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी खड्डा भरला, माती दाबली आणि मगच उठले.

पुढच्या शेडचं काम प्लॅस्टिकचं गवत अंथरणाऱ्याला मिळालं. त्या गवताची पिशवी काढली काय, न काढली काय.

त्या दिवशी घरी आल्यावर अप्पांनी माळ्यावरून रंगाचा डबा काढला आणि ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.

"काय लिहायचं? लँडस्केप-बिंडस्केप?"

"बागा आखून मिळतील."

त्यांनी तेवढंच लिहिलं आणि खाली माझं अख्खं नाव, वॅगनीवर आकडे घालायचे त्या उंचीचं, धावत्या गाडीतूनही वाचता यावं असं. आमच्या गल्लीत रिक्षासुद्धा वळत नाही.