सहावं घर

ऑफिसात दहाच्या सुमाराला फोन वाजला. सदाची बायको, मीनावहिनी होत्या. "भाऊजी, दुकानात या. सदाला गोळी लागलीय." मला वाटलं, दरोडा पडला. आमच्या या अमेरिकी गावात, अर्विंगमध्ये, सदाच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाशेजारच्या लाँड्रीवर तो वर्षभरापूर्वी पडलाच होता. मी पोचलो तोवर अँब्युलन्स निघून गेली होती... आणि दरोडा वगैरे काही नव्हता. दसऱ्याची पूजा उचलताना रिव्हॉल्व्हर सदाच्या हातातून निसटलं, सिमेंटच्या फरशीवर आपटलं आणि उडालं. दुपारी तो गेला.

त्याला सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत जो भेटला त्यानं हेच ऐकवलं, की सदानं जरा काळजी घ्यायला हवी होती. मराठी मंडळाच्या शोकसभेतही कुणीतरी हळहळून 'निष्काळजीपणा' हा शब्द वापरला आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. सदा निष्काळजी! टीव्ही उघडण्याआधी प्लग काढला की नाही हे तीनदा बघणारा माणूस. नागपूरच्या होस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हाही कुलूप लावून तो पुन्हा ओढून बघायला मागे फिरायचा. मी जिन्यावर उभा राहून त्याची टर उडवायचो. तो धंदा मी पुढे वीस वर्षं केला.

लाँड्री लुटली गेल्यावर त्यानं गहाणवटीच्या दुकानातून ते रिव्हॉल्व्हर आणलं. जुनाट, स्वस्तातलं, मुठीचा एक कोपरा उडालेला. त्यात बारीक, पॉइंट टू टूची काडतुसं लागत. त्यांच्या कडेवर ठोकर बसली की ती उडतात. चक्रात सहा घरं, पण भरायची पाचच. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा, ज्या घरावर टेकतो ते रिकामं, कारण असल्या जुन्या हत्याराला नुसता घोड्यावर धक्का बसला तरी पुरतो. हे त्याला विकणाऱ्या म्हाताऱ्यानं बजावलं होतं आणि सदानं ते पाठ केलं होतं. सकाळी दुकान उघडलं की बाजूची झडप उघडून एकेक काडतूस आत सरकवायचं. संध्याकाळी बंद करताना एकेक घर झडपेसमोर आणून काडीनं बाहेर ढकलायचं, मोठ्यानं मोजायचं, टाल्कम पावडरच्या जुन्या डब्यात टाकायचं, आणि मग प्रत्येक घरातून उजेड दिसतो का ते बघायचं. एकदा मी म्हटलं, "यार, चोर आला तर त्याला खुर्ची देणार आहेस का, तुझं होईपर्यंत?" तो म्हणाला, "बसला तर बरंच. तेवढ्या वेळात माझा राग उतरेल." त्यानं ते कधी कुणावर रोखलं नाही.

त्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, ऑफिसला जाता जाता मी दुकानात डोकावलो होतो. पाटावर स्क्रूड्रायव्हर, मीटर, सोल्डरिंग आयर्न मांडलेली आणि मध्ये ते रिव्हॉल्व्हर, पूर्ण रिकामं केलेलं. डब्यातली सहा काडतुसं बाजूला वाटीत. झेंडूची फुलं वहिनींनी परसात लावलेल्या रोपांची होती. त्या मागच्या खोलीत प्रसादाचा शिरा करत होत्या. मला स्वस्थ बसवेना. मी म्हणालो, "रिकामं शस्त्र पुजतोस होय रे? आपल्याकडे शेजारणीचा डबासुद्धा रिकामा परत देत नाहीत." सदा हसला. त्याला देवाधर्माचं फारसं नव्हतं, पण आईनं घरात पाळलेलं काही चुकायला नको असं असायचं. त्यानं पाच काडतुसं भरली. मी वाटीत बोट घातलं. "आणि या सहाव्यानं काय घोडं मारलंय?"

"ते घर रिकामंच ठेवायचं असतं."

"अरे, पूजेपुरतं!"

त्यानं माझ्याकडे बघितलं... आणि भरलं. मी शिरा न खाताच निघालो, मीटिंग होती.

गेल्या शनिवारी मी वहिनींना हे सांगितलं. त्या दुकान आवरत होत्या, दुरुस्त न झालेले टीव्ही गिऱ्हाइकांना परत देत होत्या. प्रत्येकावर सदाच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी, काय बिघडलंय ते लिहिलेली. मी बोलत होतो आणि त्या चिठ्ठ्या सोडवून एकावर एक ठेवत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "पोलिसांना मी सांगितलं, तो पाचच भरायचा. विसरला असेल. रोज त्याच्या फोटोपुढे भांडत होते हो मी. कसा विसरलास म्हणून."

"वहिनी, माझ्यावर रागवा. हवं ते बोला."

"तुमच्यावर?" त्यांनी पर्स उचलली, दिवे मालवले. "मला ड्राइव्ह करता येत नाही. इंग्लिश कागद समजत नाहीत. तुमच्यावर रागावून मी जाऊ कुणाकडे?"

मला वाटलं होतं, सांगितलं की निदान सदाचं नाव स्वच्छ होईल आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. सदाला आता नावाचं काय, आणि धोंडा मी त्यांच्या गळ्यात बांधला. त्यांना बोलायला एक माणूस होता, फोटोतला. तोही मी काढून घेतला.

दर शनिवारी मी त्यांना ग्रोसरीला नेतो. येताना-जाताना त्या पुढे, माझ्या शेजारी बसून सदाबद्दल बोलत असतात. त्या दिवशी त्यांनी मागचं दार उघडलं, आत बसल्या, मांडीवर पिशव्या घेतल्या आणि म्हणाल्या, "चला."