'चूप' न म्हणणारी थोपटमाय

थोपटमायने कधी कोणत्या लेकराला 'चूप' म्हटलं नाही. तिच्या घरात आढ्याला पाच-सहा झोळ्या टांगलेल्या असत. सगळ्या एकदम रडायला लागल्या तरी तिच्या कपाळाला आठी पडत नसे. दारावरून जाणाऱ्या कोणी कानावर हात ठेवले की ती आतूनच म्हणे, "रडू दे ना बे! त्याले दुसरं काय येते? बोलता आलं असतं तं बोललं नसतं का?"

डोणगावात बाजाराच्या मागच्या बोळीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं. नवरा गेलेला, मुली सासरी. शेतात निंदायला जाणाऱ्या, बाजारात बसणाऱ्या बायका सकाळी लेकरं तिच्याकडे टाकत आणि दिवस मावळता नेत. पाळणाघर हा शब्द तेव्हा आमच्या गावापर्यंत आला नव्हता. 'मायकडे ठेवलं' म्हटलं की झालं. तिचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं. माझे मालक तापाने गेले. मागे उरलं सहा महिन्यांचं पोर, वसंता, आणि आठवडी बाजारातली भाजीच्या ओळीतली एक जागा. बाजाराचा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता: बाजारच्या दिवशी जागेवर माणूस दिसलं नाही, तर दुसऱ्याने तिथे गोणपाट अंथरावं. ती जागा गेली असती तर मी जन्मभर दिरांच्या घरी भाकरी थापत बसले असते. दिरांचा नेमका त्याच जागेवर डोळा होता. तसं ते बोलत नसत. ते म्हणत, "वयनी, लेकरू रडून राह्यलं आन् तुम्ही वांगे तोलून राह्यल्या. लोकं काय म्हनतीन? घरी बसा, जागा मी पाह्यतो." ती जागा आपणच वहिनीला दिली, असं ते अजूनही चारचौघांत सांगतात. म्हणून हे लिहिते आहे. दिली नाही. राखली. आणि ती राखायला बाजारात उभं नसलेलं एक माणूस कामी आलं.

वसंताचं रडणं साधं नव्हतं. दूध पाजलं, पोट शेकलं, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, तरी तो मुठी आवळून, निळा पडेपर्यंत रडे. सासूने त्याला दोन दिवस सांभाळलं आणि माझ्या मांडीवर आणून टाकलं. शेजारणीने एक दिवसही नाही. मी थोपटमायकडे गेले ती भांडायच्या तयारीनेच. "लई रडते हा. तू ज्यादा मागशीन, पन मी ज्यादा देनार नाही," मी दारातूनच सांगितलं.

ती हसली. "वांग्याचा भाव कर पोरी. पोराचा काय भाव करतं? फक्त एक आयक. हा रडला म्हनून बाजारातून पयत येऊ नको. आली तं घेऊनच जाय."

पहिल्या दिवशी मी दाराआड उभी राहून पाहिलं. तिने वसंताला मांडीवर पालथा घेतला, पाठीवर हात ठेवला आणि घशातून जात्यासारखी घरघर काढली. तो जसा चढे तशी तीही चढे. दोघांच्या आवाजाने पत्रे थरथरत. मग मधेच ती घरघर जराशी खाली येई. वसंता बिचकून ऐके, पुन्हा चढे. तीही पुन्हा त्याच्यामागे वर. मी विचारलं, तर म्हणाली, "आंधी त्याच्याएवढं वरते जा लागते. खालून हाका मारल्या तं कोन उतरते?"

बाजारचा दिवस उजाडला. तिचं घर इतकं जवळ, की वसंताचं रडणं माझ्या ताजव्यापर्यंत येत होतं. दीर काखेत गोणपाट घेऊन समोर उभे राहिले.

"आयकू येते का वयनी?"

"येते. मले कान हायत."

"मंग जा ना."

"तुम्ही जा. तुमचाबी पुतन्या हाय तो."

ओळीतल्या बाया हसल्या. दीर हलले नाहीत. गिऱ्हाइकाला मी दोनदा जास्त माल तोलला. आणि दुपारी रडणं एकदम थांबलं. ते जास्त वाईट होतं. दीर म्हणाले, "चूप झाला. काऊन झाला असन?" मी हातातलं किलोचं माप त्यांच्या पायाशी आदळलं. उठले मात्र नाही.

दिवस मावळता मी धापा टाकत पोचले. वसंता मांडीवर जागाच होता, झोळीच्या दोरीकडे टक लावून पाहत होता. मायचा आवाज पार बसला होता. "तो नाही दमला," ती कुजबुजली, "आन् मीबी नाही दमली."

पुढच्या बाजारी तो पुन्हा रडला. त्याच्या पुढच्याही. शेतात जाणाऱ्या बाया तेव्हा लेकरांना अफूचा कण चाटवत. एकीने मायला पुडी आणून दिली. मायने ती चुलीत टाकली. "हे काही झोप नाही बाई. हे त्याचं तोंड बांधनं हाय." आणि पुन्हा घरघर सुरू. कापूस वेचायच्या दिवसांपर्यंत वसंता तिच्याकडे हात पसरून जाऊ लागला. पहिल्यांदा 'माय' म्हणाला तेही तिलाच. त्याचा राग मला अजून आहे.

पुढे मी मेहकरच्या अडत्यांशी व्यवहार केले, दुकान टाकलं, वसंताला शिकवलं. अडत्या ओरडला की मी त्याच्याहून वर ओरडे, मग हळूहळू त्याला खाली आणी. लोक मला भांडखोर म्हणत. म्हणोत.

दुकान झालं तरी बाजारातली जागा मी सोडली नव्हती. तापात, पावसात, वसंताच्या लग्नाच्या आठवड्यातसुद्धा तिथे बसले. थोपटमाय गेली ती बाजारच्याच दिवशी. निरोप आला तेव्हा मी नुकतीच भाजी मांडत होते. टोपल्या तशाच उचलून दुकानात ठेवल्या, गोणपाट गुंडाळलं आणि तिला नेईपर्यंत तिच्या दारात बसून राहिले.

तिसऱ्या प्रहरी परतले. ओळ गच्च भरली होती. बाया खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, आणि मधोमध माझी जागा उघडी मातीची, रिकामी. दीर बाजूलाच हात मागे बांधून उभे होते.

कोणी बसलं असतं तर मी उठवलं असतं; पण या वेळी जागा ओळीने राखली होती.