पाहुण्यांचा पहिला चेंडू

मी जिल्ह्याकडून खेळलो तो सातव्या क्रमांकावर. सातवा म्हणजे ना धड फलंदाज, ना धड गोलंदाज. पुढचे पडले तर लढायचं, नाही पडले तर पॅड बांधून संध्याकाळ करायची. राज्याच्या संघाचं दार माझ्यासाठी काही उघडलं नाही. पण सोलापूरच्या उन्हात तापलेल्या त्या चटईच्या खेळपट्टीवर, सवंगड्यांच्या शिव्या खात, मी फार सुखात होतो हे आता कळतं.

खेळणं सुटलं आणि जिल्हा क्रिकेट संघटनेत शिरलो. पत्रं बरी लिहायचो, भांडणं मिटवायचो. बघता बघता सचिव झालो. तेव्हापासून मैदानावर माझ्यासाठी गादीची खुर्ची आली आणि तिच्या शेजारी बसायला कुणी धजेना. ज्याला त्याला निवडीसाठी एखादा मुलगा नाहीतर भाचा असतोच. मी दिसलो की गप्पा थांबतात आणि चहा येतो. चहा मात्र अगदी वेळेवर येतो.

यंदाच्या हिवाळ्यात आमच्या जुन्या खेळाडूंनी आपसात सामना ठरवल्याचं कानावर आलं. मला त्यात खेळायचं होतं, दुसरं काहीच नको होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं कुणी विचारायच्या आधीच पांढरी पँट शिंप्याकडून कमरेत सैल करून आणली. बायको हयात असती तर पोट धरून हसली असती.

मग आमचा जुना यष्टिरक्षक ऑफिसात आला. कुंभारीला राहतो, एके काळी माझा जिवलग, माझी एकही चूक मोकळी सोडायचा नाही. मी खुर्चीतून उठलोच. त्यानं हातात निमंत्रण ठेवलं. मी प्रमुख पाहुणा: शाल, श्रीफळ आणि उद्घाटनाचा चेंडू. मला म्हणायचं होतं, संघात घे की रे. पण त्याच्याबरोबर आणखी दोघं उभे होते, त्यांच्यासमोर ते तोंडातून निघेना. येतो म्हणालो.

आपल्याकडची ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्याच्या हातात बॅट द्यायची, एक चेंडू अलगद टाकायचा, पाहुण्यानं तो कसातरी ढकलायचा, फोटो, टाळ्या आणि बॅट परत. त्या एका चेंडूवर मी आस लावून बसलो. म्हटलं, एक तर एक.

सामन्याच्या दिवशी शाल काढून ठेवली आणि गार्ड घेतला. समोर आमचाच जुना गोलंदाज. नेटमध्ये यानं माझ्या बरगड्या कितीदा शेकल्या होत्या. पळत येऊन नीट टाक, असं मी त्याला सांगितलं.

"नको साहेब, लागंल तुमाला," तो म्हणाला, आणि दोन पावलांवरून त्यानं चेंडू हळूच सोडला.

मी पाय पुढे टाकला, बॅट आणली, आणि चेंडू बॅटखालून जाऊन यष्टीवर आदळला. बेल खाली पडली.

साफ त्रिफळा. पूर्वी एवढ्यावर आमच्या यष्टिरक्षकानं मैदान डोक्यावर घेतलं असतं आणि महिनाभर मला जगू दिलं नसतं. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं एक शिवी हासडावी, एवढंच मला हवं होतं. त्यानं खाली वाकून बेल उचलली, फुंकर मारली आणि जागेवर ठेवली.

"कायबी झालं न्हाय, साहेब. आनखी एक घ्या की."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला साधं आउटही कुणी दिलं नाही.