तुळशीभोवतीचे बॉक्सिंग

तुमच्या शाळेत बॉक्सिंग शिकवतात आणि मास्तर सारखे पायांवरूनच रागावतात, हे तुझ्या पत्रात वाचले. त्यातले मला थोडे कळते. अकरा वर्षांची असताना मी ते ठाण्याच्या आमच्या अंगणात शिकवले आहे.

माझा थोरला भाऊ कल्याणला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. तिथला इंजिनात कोळसा घालणारा एक गोरा फायरमन चारचौघांत म्हणाला, कारकुनांचे हात टाक धरण्यापुरतेच. दादाने तिथल्या तिथे त्याच्याशी बॉक्सिंगच्या तीन फेऱ्या खेळायचे कबूल केले. पंधरा दिवसांनंतरचा शनिवार ठरला. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुलीकडची मंडळी दादाला बघायला येणार होती.

आई म्हणाली, "सुजलेलं तोंड बघून त्यांना वाटेल, मुलगा दारू पिऊन मारामाऱ्या करतो. पाणीसुद्धा न घेता उठतील."

वडील शाळामास्तर. ते म्हणाले, "शब्द दिलायस, तर जा. पण तोंड नेशील तसं परत आण."

म्हणजे मारण्यापेक्षा चुकवणे महत्त्वाचे. दादाने आपल्या साहेबाकडून बॉक्सिंगचे एक इंग्रजी पुस्तक मागून आणले. वडिलांनी मला इंग्रजी शिकवले होते, म्हणून मी पायरीवर बसून वाचायची आणि तो करायचा. ज्या बाजूला जायचे त्या बाजूचा पाय आधी टाकायचा, दुसरा मागून ओढून घ्यायचा. समोर कोणी हवे, म्हणून तुळशीवृंदावन. त्याच्याकडे तोंड करून दादा कडेकडेने फिरायचा.

"दादा, पायात पाय आला! पडशील!"

"तू वाच गं. पडणारा मी आहे."

दहा दिवसांत तो सुरेख सरकू लागला. मग एका सोबत्याबरोबर सराव करून आला, तो कानाजवळ टेंगूळ घेऊन.

"सगळे ठोसे उजव्या हाताचे," तो म्हणाला. "मी सरकतो तिथे त्याचा हात आधीच हजर!"

मी पुस्तक काढले. समोरच्याचा उजवा हात जोरकस, म्हणून आपण आपल्या उजवीकडे सरकावे, असे स्वच्छ लिहिले होते. मीच ते वाचून दाखवले होते. दादा मात्र रोज डावीकडे जात होता.

"उजवीकडे जा बघू," मी म्हटले. त्याने दोन पावले टाकली, तोच ओसरीवरून आजी कडाडली, "अरे, तुळशीला उलटी प्रदक्षिणा घालतोस?"

तेव्हा आम्हाला उलगडा झाला. दहा दिवस तो प्रदक्षिणाच घालत होता, आणि माझ्याही डोळ्यांना ते खटकले नव्हते.

"आजी, ही कसरत आहे गं."

"मग उखळाभोवती कर. त्याला कसाही फिरलास तरी चालतं."

उरलेले पाच दिवस दादा उखळाभोवती उजवीकडे फिरला. शनिवारी संध्याकाळी तो कल्याणहून आला, तेव्हा आईने दारातच त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. सदऱ्याखाली बरगड्या मात्र काळ्यानिळ्या झाल्या होत्या.

"हरलो," तो म्हणाला. "पण तोंड काही त्याला सापडलं नाही."

रविवारी तो पाटावर जरा जास्तच ताठ बसला. मंडळींना तो भारदस्तपणा वाटला आणि लग्न ठरले.

लग्नात होमाभोवती फिरायची वेळ आली, तेव्हा दादाने सवयीने होमाकडे तोंड करून उजवा पाय बाजूला टाकला. वहिनीने गाठीचा शेला आपल्याकडे ओढला.

आजी मागून म्हणाली, "उखळ नव्हे रे ते!"