काही शेतकऱ्यांकडून

कावेरीचा आठवा ड्राफ्ट माझ्या टेबलावर होता आणि आठव्या ड्राफ्टचंही पहिलं वाक्य तेच होतं. भारत हा कृषिप्रधान देश आहे. इंग्रजीत लिहिलेलं, स्पेलिंगची एकही चूक नाही. मी लाल पेन काढलं आणि वाक्याखाली रेघ मारली.

"कावेरी, हे त्या नेदरलँड्सच्या प्रोफेसरांना माहीत नसेल असं वाटतं का तुला?"

"माहीत असंल ना, मॅडम."

"मग कशाला सांगतेस?"

"सुरुवात करायला काहीतरी पायजे ना."

मी उस्मानपुऱ्यात इंग्रजी लेखनाचा क्लास चालवते. त्याआधी सत्तावीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं. इंग्रजी बोलायला शिकवणारे गल्लोगल्ली आहेत. मी फक्त लिहायला शिकवते, तेही अभ्यासाचं लेखन, ज्याला अकॅडेमिक रायटिंग म्हणतात. परदेशी शिकायला निघालेली, पीएचडीत अडकलेली, गाइडच्या शिव्या खाऊन आलेली पोरं माझ्याकडं येतात. मी कडक आहे अशी माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे.

कावेरी तेवीस वर्षांची, बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेली. राहायला बजाजनगर, वडील वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर. तिला तिकडच्या एका विद्यापीठात मातीच्या अभ्यासासाठी एम.एस्सी.ला जवळजवळ प्रवेश मिळाला होता, स्कॉलरशिपसकट. सगळी मेख त्या 'जवळजवळ'मध्ये होती. त्यांची मेल आली होती की मार्क उत्तम आहेत, पण तुम्हाला नेमका कशाचा अभ्यास करायचा आहे ते निबंधातून कळत नाही. तीन आठवड्यांत नवा निबंध पाठवा, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला जाईल. तीनातले दोन आठवडे आमचे रेघा मारण्यात गेले होते.

आता हा इंग्रजी परिच्छेद काय प्रकार आहे ते सांगते. त्यात सांगायचं ते आधी सांगून टाकायचं असतं. त्या वाक्याला टॉपिक सेंटेन्स म्हणतात. पुढची चार-पाच वाक्यं त्याची चाकरी करतात. कुणी पुरावा देतं, कुणी उदाहरण, कुणी कारण. निबंधाचंही तसंच, मुद्दा पहिल्या परिच्छेदात आणि मग त्याची सिद्धता. आपल्याकडं शाळेत निबंध शिकवतात तो बरोबर उलटा. आधी सुविचार, मग प्राचीन काळ, मग निसर्ग, आणि वेळ उरला तर मुद्दा.

कावेरीचा मुद्दाही शेवटी यायचा, आणि येताना तोंड लपवून यायचा. आठव्या ड्राफ्टचं शेवटचं वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: 'असे आढळून येते की काही गावांमध्ये काही शेतकऱ्यांकडून काही वेळा पाण्याचा अतिवापर केला जातो.' याला पॅसिव्ह व्हॉइस म्हणतात, आपला कर्मणी प्रयोग. त्यात काम झालेलं दिसतं, पण करणारा मागच्या दारानं निघून गेलेला असतो.

"कोण गं हे काही शेतकरी?"

"असेच, मॅडम. आमच्याकडचे."

"किती?"

"काही."

माझं डोकं फिरलं. "एकावर बोट ठेव. एक गाव, एक शेत, एक माणूस. नाव सांग. आठ ड्राफ्ट झाले, घोंगडं भिजतच पडलंय."

ती कागद गोळा करत म्हणाली, "मॅडम, तुम्हीच पहिलं वाक्य लिहून द्या ना. बाकीचं मी करते."

"पहिलं मी लिहिलं तर तिकडं गेल्यावर दुसरं कोण लिहिणार?"

ती मान खाली घालून निघून गेली. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, पोरगी हुशार आहे, पण हिला जमणार नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी तेव्हा ठाम होते. मला वाटत होतं अडचण इंग्रजीची आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला मी क्लास बंद करत होते. आमच्याकडं नळाला पाणी यायचा दिवस होता. या शहरात राहणाऱ्याला सांगायला नको, पाणी काही दिवसांनी एकदाच येतं आणि त्या दिवशी घरी कुणीतरी असावंच लागतं. तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. अंगात कंपनीचा शर्ट, हातात डब्याची पिशवी, फर्स्ट शिफ्ट करून थेट आलेले.

"मी भानुदास. कावेरीचा बाप."

मी म्हटलं, या. ते बसले. पाणी घेतलं. बरं वाटलं म्हणाले. मग माझी तब्येत विचारली, साहेब काय करतात ते विचारलं. त्यांचा गुडघा दुखतो. वाळूजच्या रस्त्याला आता लई ट्रॅफिक झालंय. यंदा कापसाचं काय खरं नाय. मी घड्याळाकडं बघत होते. चहा मागवला, तो झाला. त्यांच्या गावच्या एका मास्तरांची गोष्ट झाली, ते कसे छडी न मारता शिकवायचे. हा टोमणा होता की काय, मला कळेना. चाळीस मिनिटं गेली. शेवटी ते उठले, नमस्कार केला, दारात जाऊन चपला घातल्या आणि पाठमोरेच म्हणाले,

"मॅडम, आमचं रान गेलं ना, ते मी घालवलं."

"म्हणजे?"

"पैठणच्या पलीकडं, कॅनॉलवर आमचं रान. पाणी आलं तवा समद्यांनी ऊस लावला, मी बी लावला. वाटायचं, जितकं पाणी तितकं पीक. माझा बाप म्हणायचा, भान्या, रानाला पाणी पाज, बुडवू नको. नाय ऐकलं. धा वर्सात रान चिबड झालं. वर पांढरं मीठ फुललं. ज्वारी बी उगंना. मंग हिकडं कंपनीत आलो."

चिबड म्हणजे पाणी मुरून मुरून निकामी झालेली जमीन. मला हा शब्द माहीत होता. तो माणूस माहीत नव्हता.

"लोकायला सांगितलं, मराठवाड्यात पाणी नाय म्हणून गाव सोडलं. समद्यांला पटलं. खरं तर पाणी लई झालं म्हणून सोडलं." ते आता वळले होते. "पोरगी बारकी असताना ते मीठ बोटानं चाटून बघायची. मातीचं शिकाया निघाली ती त्याच्यापायीच. पण लिवत नाय. काल आईपाशी रडत व्हती. म्हणे, मॅडम नाव सांग म्हणत्यात, दादाचं, म्हंजी माझं, नाव कसं सांगू. मी आतल्या खोलीत ऐकत व्हतो."

"तुम्हीच सांगा ना तिला, लिही म्हणून."

"मी कसं सांगू, मॅडम? बापलेकीत असलं बोलणं व्हत नाय. तुमी सांगा. म्हणावं, बापाची ना नाय."

ते रिक्षा बघायला रस्त्यावर गेले आणि मी तशीच दारात उभी राहिले. या माणसानं चाळीस मिनिटं गुडघा आणि ट्रॅफिक सांगितला, आणि ज्यासाठी आला ते चपला घातल्यावर. त्याच्या मुलीचा परिच्छेद हुबेहूब असाच होता. आमच्याकडं आल्या आल्या कामाचं बोलणं उद्धटपणाचं समजतात. पाणी होतं, चहा होतो, ख्यालीखुशाली होते आणि मग निघताना, जणू सहज आठवल्यासारखं, मनातलं बाहेर येतं. मीही माहेरी तशीच वाढले. आणि इतकी वर्षं मी त्या रीतीखाली लाल रेघा मारत होते, ती रीत आहे हे न ओळखता. मला माझी लाज वाटली. घरी पोचले तेव्हा पाणी येऊन गेलं होतं.

कावेरी दुसऱ्या दिवशी नववा ड्राफ्ट घेऊन आली. मी तो उघडला नाही.

"तुझे वडील येऊन गेले. लिही म्हणाले."

तिचा चेहरा उतरला. मग मी सगळं सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाची समजूत काढता येत नाही. मी पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला.

पाणी पिऊन ती म्हणाली, "मॅडम, परक्या लोकांपुढं बापाची चूक मांडायची? कसं दिसंल ते?"

"चव्हाट्यावर मांडली तर वाईट दिसेल. अभ्यासात मांडतात ती पुढच्याला तीच चूक करावी लागू नये म्हणून. तुझ्या दादांना ते कळलंय. म्हणून तर ते आले."

मग मी तिला एक कोरा कागद दिला. "असं समज, तू आत्ता माझ्या दारात उभी आहेस. चहा झाला, तब्येती विचारून झाल्या, चपला घातल्यास, रिक्षा थांबलीय. जाता जाता मला काय सांगशील? एकच वाक्य."

तिनं डोळे पुसले आणि लिहिलं. इंग्रजीत नऊ शब्द. अर्थ असा, माझ्या वडिलांनी जास्त पाणी देऊन आमचं शेत खराब केलं. मी ते दोनदा वाचलं. रेघ मारायला जागा नव्हती.

"आता हे सगळ्यात वर लिही. आणि त्याच्याखाली, मी आत्ता विचारीन त्या प्रश्नांची उत्तरं. कुठं? कसं? तुला कसं कळलं? मग तुला काय शोधायचंय?"

दोन तासांत निबंध झाला. कॅनॉल आला, ऊस आला, आजोबांचं म्हणणं आलं, मीठ आलं. अशी जमीन बिघडायला लागली हे शेतकऱ्याला वेळेवर कळेल कसं, हा प्रश्नही आला. मला फक्त 'अ' आणि 'द' ही इंग्रजी आर्टिकल्स दुरुस्त करावी लागली, जी मला वाटतं मराठी माणसाला मरेपर्यंत दुरुस्त करावी लागतात. भारत हा कृषिप्रधान देश आहे, हे कुठंही नव्हतं.

पण कावेरी पाठवेना. दादांनी ऐकल्याशिवाय नाही, म्हणाली. मुदतीला दोन दिवस उरले होते. भानुदासरावांच्या सुटीच्या दिवशी बापलेक दोघं क्लासवर आले. घरी नको, इथंच बरं, असं दोघांचंही मत पडलं असावं.

ती एकेक वाक्य मराठीत करून सांगायला लागली. पहिलं वाक्य झालं आणि थांबली. भानुदासराव गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत होते.

"फुडं," ते म्हणाले.

ती वाचत गेली. 'आमची सगळी चार एकर जमीन' असं आलं तेव्हा त्यांनी हात वर केला.

"समदी नाय. वरच्या अंगाचा एक एकर चांगला हाय अजून. तिथं पाणी चढत नव्हतं, म्हणून वाचला. वाट्यानं दिलाय, ज्वारी येती तिथं."

मी खुर्चीत सावरून बसले. अभ्यासाच्या लेखनात एक मोठा नियम आहे, पुरावा असेल तेवढंच म्हणायचं, 'सगळं' आणि 'नेहमी' जपून वापरायचं. तो नियम मुलांच्या डोक्यात उतरवायला मला वर्ष लागतं. आणि दुसरं त्याहून मोठं होतं. एकच शेत, एकच माती, एका भागाला पाणी मिळालं, एका भागाला नाही. शास्त्रज्ञ लोक अशी जोडी शोधत फिरतात.

कावेरी बापाकडं बघत राहिली. "दादा, हे मला कधी सांगितलंच नाही तुम्ही."

"तू कवा इचारलं?"

तिनं तिथल्या तिथं तो परिच्छेद पुन्हा लिहिला. भानुदासराव बांध कुठं, उतार कुठं ते टेबलावर बोटानं काढून दाखवत होते आणि ती लिहून घेत होती. आता त्यांचं असलं बोलणं होत होतं. मी मधे पडले नाही. चहा आणायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि खरं सांगते, जिन्यात उभी राहून रडले.

मी परत आले तेव्हा ते म्हणत होते, "आता इंग्रजीत वाच. कसं लागतंय बघू."

"माय फादर रुइन्ड अवर फार्म विथ टू मच वॉटर."

"फादर म्हणजे मीच ना?"

"हो, दादा."

"मंग ऱ्हाऊ दे."

निबंध त्याच संध्याकाळी गेला. नऊ दिवसांनी उत्तर आलं, प्रवेश पक्का. खाली प्रोफेसरांनी एक ओळ लिहिली होती की तो वाचलेला एक एकर त्यांना फार महत्त्वाचा वाटतो, निघण्याआधी दोन्ही भागांतली माती तपासून आकडे घेऊन यावं.

त्या रविवारी बापलेक गावी गेले. गाव सोडल्यापासून भानुदासराव त्या रानात उतरले नव्हते, बांधावरूनच परत यायचे. कावेरी म्हणाली, तिनं कुदळ घेतली तर त्यांनी ती हातातून काढून घेतली आणि दोन्हीकडं स्वतः खोदलं. तिनं मला नमुन्यांचा फोटो पाठवला. मातीच्या दोन पिशव्या आणि त्यांवर चिठ्ठ्या. अक्षर तिचं नव्हतं. एकीवर लिहिलं होतं, 'वरचं रान. चांगलं.' दुसरीवर, 'खालचं रान. मी खराब केलेलं.'

करणाऱ्याचं नाव घेऊन वाक्य कसं लिहावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला कुठल्या व्याकरणात सापडलेलं नाही. हल्ली वर्गात मी तेच देते. भानुदासरावांना विचारून.